न केलेला फोन

इंग्लंडमध्ये, आमच्या लेस्टरला, बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणतात. शाळेतली पोरं म्हणतात, दारू प्यायलेलेही म्हणतात. रामटेके सर म्हणत नसत. ते ड्रायव्हरच्या काचेजवळ थांबायचे आणि विचारायचे, ‘‘तुमची शिफ्ट कधी संपते? मध्ये जेवायला वेळ मिळाला का?’’ मागे रांग खोळंबायची. काही ड्रायव्हर हसायचे, काहींना वाटायचं हा कंपनीचा तपासनीस आहे. एकाने एकदा आपली पाठदुखी पहिल्यापासून सांगायला घेतली, तर सर म्हणाले, ‘‘हे मला नका सांगू, युनियनला सांगा,’’ आणि उतरून चालू लागले. मी त्यांच्या मागेच होते. त्या दिवशी ते मला फार आवडले.

सर मूळचे नागपूरचे. इथल्या एका विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला. अमेरिकेत रेल्वे, सूतगिरण्या आणि कत्तलखाने वाढत होते आणि ते पाहून काही लोक देश सुधारायला निघाले होते, तो काळ हा त्यांचा विषय. विद्यापीठाने विभागच बंद केला तेव्हा सरांनी बेलग्रेव्ह रोडजवळ साड्यांच्या एका दुकानावरची खोली रविवारपुरती घेतली आणि तिथे वर्ग सुरू केला. नागपूर-भंडाऱ्याकडच्या नर्स, पीएचडी करणारी दोन पोरं, टॅक्सी चालवणारे वानखेडेकाका आणि मी, असे आम्ही बहुतेक बौद्ध घरांतले लोक जमायचो. आधी वंदना, मग शिकागो, मग चहा.

मीही नागपूरचीच. माझ्या बाबांचा लहानसा छापखाना होता आणि वस्तीतलं प्रत्येक पत्रक आमच्याकडे छापलं जायचं. ‘कमळ’ आणि ‘घर’ वाचायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायचं. त्यामुळे वर्गात मी पहिल्याच महिन्यात घरभाड्यावर एक पत्रक लिहून नेलं. सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं, पेन काढलं आणि ‘नराधम’, ‘निर्लज्ज’, ‘रक्तपिपासू’ असे शब्द एकेक करून खोडले. उरल्या चार ओळी.

‘‘विशेषणांना व्हिसा लागत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणून इतकी घुसतात.’’

तेव्हापासून माझं नाव पत्रकवाली.

‘बिचारा’ आणि ‘बिचारी’ हे शब्द वर्गात बंद होते. कोणी चुकून बोललं तर सर शिकवायचं थांबवायचे आणि त्या माणसाकडे नुसते पाहत राहायचे, तो खाली मान घालेपर्यंत. अंगात एकावर एक दोन स्वेटर, कोट कधीच नाही. घरी हीटिंग नाही. ‘‘थंडी वाजली की माणूस मुद्द्यावर येतो,’’ असं म्हणायचे. त्यांच्याकडे गेलेला माणूस खरोखरच लवकर मुद्द्यावर यायचा आणि लवकर निघायचा.

शिकवायचे मात्र असे की घरी जाताना आपण काहीतरी चोरून नेतो आहोत असं वाटावं. जुन्या अमेरिकेतल्या सूतगिरणीचा एक फोटो ते भिंतीवर दाखवायचे. यंत्रापुढे उभी असलेली अनवाणी लहान मुलगी.

‘‘या फोटोत काय दिसत नाही?’’

कोणी म्हणायचं शाळा, कोणी म्हणायचं आई.

‘‘फोटो काढणारा दिसत नाही. तो सकाळी नाश्ता करून आला, फोटो काढला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पोरगी दुसऱ्या दिवशी तिथेच उभी. अशा फोटोंमुळे पुढे कायदा झाला, पण तोवर ती मोठी झाली होती, बोटं जायची ती गेली होती. आता सांगा, फोटो काढायला हवा होता की नको?’’

निम्मे म्हणाले हवा, निम्मे म्हणाले नको.

‘‘हवाच होता. फक्त तिने आपले आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवायची नाही.’’

किंवा शिकागोचे कत्तलखाने. तिथे कामगार कसे मरतात हे कोणीतरी उजेडात आणलं तेव्हा सारा देश हादरला, पण कशाने? आपल्या ताटात काय पडतंय या विचाराने. ‘‘मांस स्वच्छ झालं,’’ सर सांगायचे. ‘‘कामगार होता तिथेच राहिला.’’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नसायचं. गणित बरोबर सुटल्यावर होतो तसा चेहरा व्हायचा.

एका दिवाळीच्या आधी मेडनहेडच्या मराठी मंडळाच्या जोगळेकरबाई वर्गात आल्या. नवरा पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला, बाई मंडळाच्या कामात बुडालेल्या. केअर होममध्ये काम करणाऱ्या मराठी मुलींना फराळ आणि गरम कपडे द्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

‘‘अहो सर, आम्हाला बेसिकली गिव्ह बॅक करायचंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फक्त ते जेन्युइन लोकांपर्यंत पोचलं पाहिजे ना? म्हणून म्हटलं, एकदा त्यांच्या घरी व्हिजिट करता आली तर खरी गरज कोणाला आहे ते कळेल.’’

मला वाटलं, आता बाईंची धडगत नाही. पण सर गोड हसले. ‘‘जरूर. पण आधी आम्ही तुमच्या घरी येतो. पद्धत समजून घ्या.’’

बाईंना ते जेवायचं आमंत्रण मागितल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी वानखेडेकाकांच्या गाडीतून सर, काका आणि मी मेडनहेडला गेलो. मसालेभात, मठ्ठा, जिलबी असा थाट होता. ताटं मांडली जात असताना सर म्हणाले, ‘‘स्वयंपाकघर पाहू?’’ आणि परवानगीची वाट न पाहता त्यांनी फ्रिज उघडला.

‘‘तूप दोन प्रकारचं? घरात माणसं किती?’’

‘‘चार. ते एक साजूक आहे सर, आणि एक पूजेचं...’’

‘‘मुलांची खेळणी इतकी असताना मदत कशाला हवी?’’

‘‘आम्हाला मदत नकोय, सर.’’ बाई हसायचा प्रयत्न करत होत्या.

‘‘सुरुवातीला सगळे असंच म्हणतात.’’ सरांनी वरचं कपाट उघडलं. तिथे व्हिस्कीची बाटली होती. ‘‘नवरा पितो. रोज, की पगाराच्या दिवशी? गाद्या कुठे आहेत? मुलं वेगळी झोपतात का?’’

जोगळेकर हातात डाव धरून उभे होते. पाहुणा वयाने मोठा, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना. शेवटी सर हात धुऊन म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही मदतीला पात्र नाही.’’ मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की अमेरिकेतल्या धर्मादाय संस्था चांगल्या घरातल्या बायकांना अशाच प्रकारे परदेशातून आलेल्या गरिबांच्या खोल्यांत पाठवायच्या आणि त्या बायकांना मैत्रिणी म्हणायची पद्धत होती. बाई आत जाऊन रडल्या. सरांनी मसालेभात दोनदा घेतला.

परतताना मी हसून हसून बेजार झाले. सर हसले नाहीत. ‘‘भात चांगला होता,’’ ते म्हणाले. ‘‘बाईही चांगली आहे. म्हणूनच घातक.’’

वानखेडेकाका गाडी चालवत होते. त्यांच्या मांडीवर जोगळेकरबाईंनी दिलेला जिलबीचा डबा होता. ते म्हणाले, ‘‘सर, तुमच्यापेक्षा तो कत्तलखाना बरा. तिथे निदान आधी भूल देतात.’’

सुवर्णा वर्गात आली ती त्यानंतर. ती भंडाऱ्याची, शिकलेली नर्स. नॉटिंगहॅमजवळच्या एका खाजगी केअर होममध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची. होमचा मालक हाच तिचा व्हिसाचा स्पॉन्सर, आणि तिची राहायची जागाही त्याचीच. पाच जणी एका घरात, एका शिफ्टला चिकटून दुसरी, पगार मात्र एकीचाच. कोणी तक्रार केली की मालक एवढंच म्हणायचा, ‘‘तुझा व्हिसा माझ्या हातात आहे, माहितीय ना?’’ सुवर्णाची मुलगी भंडाऱ्याला आजीजवळ होती. सुवर्णा आमच्याकडे इतिहास शिकायला आली नव्हती. आठवड्यातून एकदा मराठी कानावर पडावं आणि दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा प्यावा, म्हणून आली होती.

सरांनी प्रश्न विचारून विचारून तिच्याकडून सगळं काढून घेतलं. एका रविवारी तिने दोन तास बोलून सगळं सांगितलं आणि आम्ही वर्गासाठी म्हणून ते रेकॉर्ड केलं. पीएचडीवाल्यांपैकी एकाची मैत्रीण पत्रकार होती. तिला ते हवं होतं, नावासकट. पुढच्या रविवारी वर्गापुढे विषय एकच होता: रेकॉर्डिंग द्यायचं की नाही.

‘‘सर, छापून आलं तर काय होईल?’’ सुवर्णाने विचारलं.

‘‘मालकाचं परदेशातून माणसं आणायचं, स्पॉन्सरचं लायसन्स जाईल.’’

‘‘अन् माझं?’’

‘‘लायसन्स गेलं की तुझा व्हिसा गेला. दोनेक महिने देतील. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर मिळाला तर राहशील, नाही तर परत.’’

‘‘म्हणजे चोरी त्यानं करायची, अन् घरी मी जायचं?’’

‘‘हो,’’ सर म्हणाले. ‘‘बहुतेक वेळा तसंच होतं.’’

दुसरा कोणीही असता तर म्हणाला असता, काळजी करू नकोस, आम्ही आहोत ना. सर तसं म्हणाले नाहीत. खोटं बोलून माणसाला लढायला पाठवायचं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि त्यासाठी मी त्यांना आजही मान देते. पण पुढे जे झालं तेही त्यांच्याकडूनच शिकले.

‘‘मंग मी विचार करते, सर,’’ सुवर्णा म्हणाली.

‘‘विचार वर्ग करेल. तुझा यात हितसंबंध आहे. तू बाहेर थांब.’’

आमच्यात तसा नियम होता. आम्हाला सगळं रीतसर करायची फार हौस. सभा म्हटली की अध्यक्ष हवा, ठरावाला अनुमोदन हवं, आणि ज्याचा हितसंबंध असेल त्याने मतदानाच्या वेळी बाहेर जायला हवं. कोणाच्या तरी मेव्हण्याला एका कार्यक्रमाच्या जेवणाचं काम द्यायचं होतं, त्या वेळी झालेला हा नियम. चांगला नियम. त्याचा आम्हाला अभिमान होता. बाहेर म्हणजे शेजारच्या छोट्या किचनमध्ये. सुवर्णा उठली आणि गेली. थोड्या वेळाने नळाचा आवाज आला. ती आमच्यासाठी चहा टाकत होती.

‘‘सर, तिलाही विचारू ना,’’ वानखेडेकाका म्हणाले.

‘‘ज्याच्या घराला आग लागलीय त्याला विचारतात का, विझवू की नको?’’

‘‘घर तिचं आहे सर. आणि पाणीही तिच्याच टाकीतलं.’’

‘‘काका, तुम्ही ठरावाच्या विरोधात आहात?’’

काका विरोधात नव्हते. विरोधात कोणीच नव्हतं. हात वर झाले, त्यात माझाही होता. ते छापायलाच हवं होतं, असं मी आजही म्हणते. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा हात वर करीन, फक्त ती समोर बसलेली असताना, तिच्या तोंडाकडे पाहत. ज्याचं सगळं पणाला लागलंय त्यालाच हितसंबंध आहे म्हणून दाराबाहेर काढायचं, ही चूक करायला अडाणी माणसं चालत नाहीत. त्याला आमच्यासारखी कायदा मानणारी, रीत सांभाळणारी माणसं लागतात.

सुवर्णा ट्रे घेऊन आत आली.

‘‘ठरलं,’’ सर म्हणाले.

‘‘सगळ्यांनी?’’

‘‘सगळ्यांनी.’’

तिने प्रत्येकाच्या हातात कप दिला. त्या पत्रकार मुलीचा फोन आला तेव्हा ती हो म्हणाली. चार शहाण्या माणसांनी ठरवल्यावर नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

बातमी आली. तपासणीला माणसं आली. होम बंद झालं. पुढच्या बातमीत म्हाताऱ्यांना बागेच्या कडेच्या एका सुंदर होममध्ये हलवल्याचं लिहिलं होतं आणि कौन्सिलने त्यांच्याबद्दल तीव्र काळजी व्यक्त केली होती. पाच जणींबद्दल एक ओळ नव्हती. सरांनी ती बातमी वर्गात मोठ्याने वाचली, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘मांस स्वच्छ झालं.’’ सुवर्णा दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या पर्समध्ये व्हिसा संपणार असल्याचं पत्र होतं.

दुसरा स्पॉन्सर शोधणं म्हणजे काय ते मी तिच्यासोबत पाहिलं. एक जण म्हणायचा, बातमीतली तूच ना? दुसरा म्हणायचा, व्हेकन्सी आहे पण लायसन्स नाही. तिसरा फोनच उचलायचा नाही. आणि सगळ्या वर्गाला एक गोष्ट माहीत होती. हॅरिएट नावाची सरांची एक जुनी विद्यार्थिनी डर्बीला तीन केअर होम चालवत होती. नीट पगार देणारी, लायसन्स असलेली. दर ख्रिसमसला ती सरांना कार्ड पाठवायची आणि त्यात लिहायची की मी माणसांशी जशी वागते ते तुमच्यामुळे. कार्ड सरांच्या खिडकीत उभं असायचं.

सुवर्णा आणि मी सरांच्या घरी गेलो. नेहमीसारखी थंडी होती. आम्ही लगेच मुद्द्यावर आलो.

‘‘एक फोन करा, सर,’’ सुवर्णा म्हणाली.

‘‘शिफारशीचा?’’

‘‘मी नर्स आहे. काम येतं मला. नुसतं नाव कानावर घाला त्यांच्या.’’

‘‘आणि तुझ्यासोबतच्या चौघी?’’

‘‘त्यांचंही नाव सांगा.’’

‘‘आणि ज्या माझ्या वर्गाला येत नाहीत त्या?’’

मला राहवलं नाही. ‘‘सर, तुम्हीच शिकवलंत ना? अमेरिकेतल्या शहरांतले ते पुढारी, ते बॉस. ते हिवाळ्यात कोळसा द्यायचे, पोराला नोकरीला लावायचे, मयताला खांदा द्यायचे. म्हणून गरिबांनी मत त्यांना दिलं, सुधारकांना नाही.’’

‘‘शिकवलं. त्यात गरिबांचं काही चुकलं नाही हेही शिकवलं.’’ सरांचा आवाज चढला नाही. ‘‘पण मी बॉस होणार नाही. ओळखीवर चालणाऱ्या जगाने आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलं. आता ओळख आपल्याकडे आली, तर लगेच दार आपण धरायचं? तुला चळवळ हवी की वशिला, पत्रकवाली?’’

मी खिडकीतल्या हॅरिएटच्या कार्डाकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधतेय.

सुवर्णाने विचारलं, ‘‘तुमची पोरगी असती तर?’’

‘‘नसता केला.’’

ते खरं होतं. सख्ख्या भाच्यालाही त्यांनी एकदा असंच परत पाठवलं होतं आणि बहिणीने त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. सरांना दोष द्यायला जागाच नसायची. तेच सहन व्हायचं नाही.

सुवर्णा उठली. दाराशी वळून म्हणाली, ‘‘मले वाटायचं तुम्ही कठोर आहात. तुम्ही तर नुसते स्वच्छ आहात, सर.’’

सरांनी फोन केला नाही.

फोन केला वानखेडेकाकांनी, जोगळेकरबाईंना. मला हे नंतर कळलं. मेडनहेडमध्ये बाईंची एक म्हातारी इंग्रज शेजारीण एका केअर होममध्ये होती आणि बाई दर गुरुवारी तिला भेटायला जायच्या. त्या होमच्या मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन बसल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा बसल्या. सोबत कधी ढोकळा, कधी डोळ्यांत पाणी. मुदत संपता संपता सुवर्णाला काम मिळालं, व्हिसा मिळाला. बाकीच्या चौघींपैकी दोघी परत गेल्या. सुवर्णाची मुलगी अजून भंडाऱ्यालाच आहे. या व्हिसावर लेकरू आणता येत नाही.

दयेचीही वसुली असते. पाडव्याला मंडळाने इकडच्याही मराठी लोकांना यायला सोपं पडावं म्हणून लेस्टरला मोठा कार्यक्रम ठेवला आणि सुवर्णाला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. पडद्यावर तिचा फोटो, खाली ‘संघर्षकन्या’. जोगळेकरबाई माइकवर म्हणाल्या, ‘‘ही आमची सुवर्णा. शी इज सो जेन्युइन!’’ टाळ्या झाल्या. फोटोंसाठी सुवर्णाला नारळ जरा वर धरायला सांगितलं. तिने धरला.

सर हॉलच्या बाहेर होते. दोन स्वेटर, हातात पत्रकांचा गठ्ठा. काम मिळणं हा हक्क असताना मंडळाने त्याचं दान कसं केलं आणि एका कामगार बाईला नारळ धरून उभं करून त्याची पावती कशी फाडली, हे त्यांनी एका पानात लिहिलं होतं. सुवर्णाचं नाव होतं, बाईंचं होतं. संबंध पानात एकही विशेषण नव्हतं. मी पत्रकांत वाढलेली मुलगी आहे. इतकं नेमकं पत्रक मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि ते वाचताना मला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सुवर्णा शाल खांद्यावर घेऊनच बाहेर आली. तिने पत्रक घेतलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

‘‘चूक आहे काही?’’ सरांनी विचारलं.

‘‘नाही सर. सगळं खरं आहे.’’

‘‘मग आत काय करतेस?’’

‘‘या देशात राहतेय.’’

सरांनी हातातली पत्रकं सारखी केली. ती म्हणाली, ‘‘थंडी आहे. आत चला. जेवायला नाही बोलवत, घाबरू नका. भांड्यांना माणसं कमी आहेत.’’

‘‘मी मंडळाचा सभासद नाही,’’ सर म्हणाले.

सुवर्णा हसली. तिला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. ती आत गेली.

कार्यक्रम संपला. उरलेलं जेवण प्लास्टिकच्या डब्यांत भरून लोक बाहेर पडू लागले. भाजी गरम होती आणि झाकणं नीट बसत नव्हती. सर प्रत्येकापुढे पत्रक करत होते आणि प्रत्येक जण घेत होता. या देशात पुढे केलेला कागद कोणी नाकारत नाही. घेतलं की लोक न वाचता त्याची घडी करायचे आणि डब्याखाली धरायचे, हात भाजू नये म्हणून, कोटावर तेल सांडू नये म्हणून. मी रस्त्यापलीकडे उभी होते. सरांनीही ते पाहिलं. एक म्हातारी एका हातात काठी, दुसऱ्या हातात गळणारा डबा घेऊन पायऱ्या उतरली.

सरांनी तिला दोन पत्रकं दिली.